खड्डे

आषाढात चारशे रोपं घेऊन गेलो आम्ही
पाटणच्या वर, म्हातारीच्या सड्यावर.
टेम्पो घाटापर्यंत, पुढं डोक्यावरून.
बॅनर होता. वडापावचे दोन खोके होते.
जांभ्यावर पहार आपटली की ठिणगी उडायची
आणि मकरंद म्हणायचा,
बघा, किती उजाड करून ठेवलंय.

ठकूबाई येडगे म्हशीमागून आली.
एका खड्ड्यात पाय घालून बघितला.
घोटासुद्धा बुडाला नाही.
"हितं माती बोटभर.
दोन म्हयनं फुलं काढती, मग निजती.
तिच्या अंगावर झाड कशापायी?"

आम्ही हसलो. तिला वडापाव दिला.

कुंपण त्याच्याही आधीचं.
अर्ज माझ्या हातचा: चराई बंद करा.
तीन हजार सह्या, साताऱ्यात, राजवाड्यासमोर.
म्हशी राहिल्या तारेपलीकडं, पाणवठा अलीकडं.
पहिला भादवा निळाशार गेला, आम्ही पेढे वाटले.
यंदा तिसरा.
गवत कमरेला लागतंय.
सीतेची आसवं शोधत मी गुडघ्यांवर तासभर फिरले.
सात सापडली.

मग वही घेऊन तिच्या खोपटात.
तुमची पद्धत सांगा म्हटलं.
"पद्धत कसली? औंदा ह्यो कडा, फुडल्या साली त्यो.
गवात काय म्हणतंय ते म्हशीला कळतं."
आणि राईतलं पडलेलं लाकूड? तेही चुलीत घालत नाही?
"आमचं न्हाई ते."
मग कुणाचं?
तिनं माझ्याकडं असं बघितलं
जणू मी सावलीचा सातबारा मागितला.

नातवानं राईच्या कडेचा हिरडा विकला,
हेही तिनंच सांगितलं, चहा गाळता गाळता.
त्यातनं मोबाईल आला. वाजत होता तो, कोपऱ्यात.
मी वहीत काय लिहावं?

रविवारी पाचजणच आले. बॅनर नव्हता.
जगलेली रोपं उपटून खाली शाळेकडं पाठवली,
खड्डे बुजवले,
निघालेला मुरूम पुन्हा त्याच खड्ड्यात, हातानं.
मकरंद दिवसभर बोलला नाही.

एका खड्ड्यात पाणी साठलं होतं,
त्यात काळी, शेपटीवाली, कितीतरी.
मी घमेलं उचललं.
"ऱ्हाऊ दे की," तारेपलीकडून ठकूबाई.

अहवालात रकाना आहे: लावलेली झाडं.
तिथं शून्य घातलंय.
तारेत वाट ठेवा, असा नवा अर्ज केलाय.
सह्या अजून अकरा.