रीडिंग

आडनाव झाडे,
पण अठ्ठावन्न वर्षांत एक झाड धड पाहिलं नव्हतं.
पाहिले ते मीटर.
इतवारी, मस्कासाथ, गांधीबाग,
जिन्याखालच्या काळोखात टॉर्च धरून
चौतीस वर्षं आकडे उतरवले.
रिटायर झालो तेव्हा रेवता म्हणाली,
"आता घरात बसून माझं रीडिंग नका घेत जाऊ जी.
महाराजबागेत जा."

गेलो.
तोही मे महिन्यात. नागपुरात मे महिन्यात
शहाणा माणूस बागेत जाते का?
पहाटे पाचलाच हवा पाणी संपलेल्या कूलरची.
गवत उभ्या उभ्या वाळलेलं,
सातभाई धुळीत भांडत होते,
आणि त्यात तो बहावा.
अख्ख्या वस्तीचे लाइट दिवसाढवळ्या चालू राहावेत
आणि कोणाला बंद करावेसे वाटू नयेत
इतका पिवळा.
हात आपोआप खिशात गेला. वही निघाली.
बहावा. कडुनिंबाच्या डावीकडे. घोस तीनशे बारा.
खरंच मोजले. मान दोन दिवस दुखली.

मग चटकच लागली.
फुटाळ्याच्या काठावर पाणी किती पायऱ्या खाली गेलं,
अंबाझरीला बगळे किती,
बर्डीवर तर्री पोहे खाऊन परत यायला किती वेळ लागतो
(हे रेवताला दाखवलं नाही).
सेमिनरी हिल्सवर मोर ओरडला, दिसला नाही.
लिहिलं: आवाज आला, ग्राहक बाहेर आला नाही.

पावसाळ्याचं सांगण्यासारखं नाही माझ्याकडे.
वही भिजली.
जुलै आणि ऑगस्ट एकमेकांना चिकटून बसले.
सोडवून पाहिले तर आत एक हिरवट डाग,
तेवढंच रीडिंग.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दारात पळसाची फांदी ठेवली.
तिची पानं मोजायची गरज नव्हती.
कुठंही जा, तीनच.

डिसेंबरात काटोलला, दशरथ ठवऱ्याच्या संत्राबागेत.
आम्ही सतरा जण, एक टाटा मॅजिक,
दोन पोती गोवऱ्या, रोडगे, वांग्याचं भरीत.
रेवता गुडघ्यापायी येणार नव्हती,
शेवटच्या घडीला पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसलेली दिसली.
धुक्यात झाडं दिसत नव्हती,
नुसती संत्री टांगलेली, आधाराशिवाय.
ती एका झाडाखाली बसली आणि सोलत राहिली.
"लिहा," म्हणाली, "अकरा फोडी.
ह्याच्यात दहा. ह्याच्यात अकरा न एक बारकी,
बारकीचं काय करू?"
बारकी मी खाल्ली.

फेब्रुवारीत तिचा गुडघा बदलला.
मेडिकलच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसायची
आणि टाकीवर कबुतरं.
तिकडे गोरेवाड्याला पळस पेटला असेल,
येणारा जाणारा सांगत होता.
मी लिहिलं: पळस, गोरेवाडा. दार बंद.
कुलूप असलं की आम्ही असंच लिहायचो
आणि मागच्या महिन्यांची सरासरी लावायचो.

रेवतानं पडल्या पडल्या वाचलं.
"मग लावा न सरासरी."
"कशाची लावू? माझा पहिलाच फेब्रुवारी हा."
ती थोडा वेळ टाकीकडे पाहत राहिली.
मग कुहीकडच्या त्यांच्या गावचा नाला सांगितला,
फ्रॉकच्या ओच्यात वेचलेली फुलं,
मोठ्या गंजात उकळलेला रंग,
आणि शाळेत बाईंनी हात पुढे करायला लावले तेव्हा
सगळ्या वर्गाचे तळवे केशरी,
कोणाला मारावं ते बाईंना कळेना.
एवढ्या वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं.
वहीत मागील बाकीचा रकाना असतो.
मी कधी भरला नव्हता.
त्यात उतरवलं, तिच्याच शब्दांत. जागा पुरली नाही.

एप्रिलात वॉकर घेऊन आली महाराजबागेत.
गेटपासून तिसऱ्या बाकापर्यंत बावीस मिनिटं.
वाटेत शेंगदाणेवाल्याची, माळ्याची,
माळ्याच्या सुनेची चौकशी झाली.
बहाव्याला अजून नुसत्या काळ्या शेंगा,
एका फांदीच्या टोकाला काहीतरी पिवळसर,
की उन्हामुळं तसं वाटत होतं.
मी वही काढली.

"थांबा न जी," ती म्हणाली,
"आधी मला बसू तर द्या."