चारपासून दहापर्यंत

कपडे काढायच्या खोलीत, बाकावर,
कुणाच्या तरी लोकरी मोज्यात खुपसलेला
तो जुना प्लेअर.
चौघांची गाणी एकाच पातेल्यात ओतलीत,
चार हजारांवर भरतील.
कुठलं कधी लागेल, त्याची मर्जी.
नकोसं झालं तरी उठायचं नाही.
दार उघडलं की वाफ जाते,
वाफ गेली की ऑर्वो दोन दिवस बोलत नाही.

म्हणून लाकडी भिंतीपलीकडून येईल ते ऐकायचं
आणि गुण द्यायचे, इथल्या शाळेत मिळतात तसे:
चार म्हणजे नापास,
दहा आजवर कुणी दिलेले नाहीत.
गाणं कुणाचं, हे विचारायचं नाही.

बाहेर साइमाच्या काठाला बर्फाचा पापुद्रा धरलाय,
दुधावर साय धरते तसा.

आधी एक टँगो.
"बाई गाते छान," एन्सिओ म्हणाला,
"पण दर ओळीला नवरा गेल्यासारखी."
"गेला असेल एखादा."
"दर ओळीला?"
सात.

मग ड्रम. नुसते ड्रम.
भांड्यांचं कपाट जिन्यावरून गडगडत यावं तसे.
औलिस, अठ्ठावीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनापाशी राबलेला,
डोळे मिटून म्हणाला, "तिसरा सिलिंडर गेलाय,"
आणि तरी नऊ दिले. का, ते सांगेना.

मग नाताळचं गाणं, लहान मुलांचं, ऐन नोव्हेंबरात.
साठीचे चार उघडे बाप्ये, घामाने निथळत,
बर्चच्या डहाळ्या मांडीवर घेऊन
शहाण्यासारखे माना डोलावत बसलो.
सहा.

मग ते लागलं.
एकच गिटार, एक तार किंचित उतरलेली.
पुरुषाचा आवाज, भिंतीकडे तोंड करून गावं तसा.
शब्द धड लागत नव्हते.
होडी होती कुठेतरी, उसनी दिलेली कुऱ्हाड होती.
"हा कोण रडतोय?" मी म्हणालो. हो, मीच.
"तोंडात गरम बटाटा," एन्सिओ म्हणाला.
ऑर्वो म्हणाला, "चाल बरी आहे,
पण कुठे चाललीये ते तिलाच ठाऊक नाही."
पाच. पाच. साडेपाच.
"चार," औलिस म्हणाला. "सरळ चार.
असल्यांच्या हाती गिटार देऊ नये."

शेवटचा सूर अजून हलत होता
आणि मागे, लांबवर, कुत्रा भुंकला.
दोनदा. मग जरा थांबून, एकदा.
गंजक्या बिजागरीसारखा.

असं जगात एकच कुत्रं भुंकायचं.
रान्सु. याच बाकाखाली बसायचा,
सॉसेज पळवायचा, आणि औलिस त्याला
पाहुण्यांसमोरच रागवायचा.
तीन वर्षांपूर्वी, एप्रिलात, जमीन मोकळी व्हायच्या आत,
आम्ही चौघांनी पहारीने खड्डा केला होता.

प्लेअरला कसली रीतभात, तो पुढच्या गाण्यावर गेला.
त्याला कुणी गुण दिले नाहीत.
औलिस गुडघ्यावरचा घाम निरपत होता,
ताकास तूर लागू देत नव्हता.
ऑर्वोने दगडांवर पाणी ओतलं,
लागतं त्याहून दोन डाव जास्त.
कुणाचं तोंड कुणाला दिसेना.

वाफेतून एन्सिओ म्हणाला,
"कुत्र्याला दहा."

बराच वेळ नुसते दगड बोलत राहिले.

"माझ्या पाचाचे सहा करता येतील?" मी विचारलं.
"नियमात बसत नाही," औलिस म्हणाला.

नंतर बाहेर, धक्क्यावर,
आमच्या अंगातून वाफा निघत असताना
तो तळ्याला सांगितल्यासारखं म्हणाला,
"तार उतरलेली नसणार. थंडी असेल."

मी पाय चोळत उभा. आणि एकदम आठवलं,
माझ्या सरपणाच्या खोपटात, दाराच्या मागे,
लाल दांड्याची. सहा वर्षं झाली असतील.

"कुऱ्हाड सोमवारी आणून देतो," मी म्हणालो.

"कुठली?" तो म्हणाला,
आणि पापुद्रा फोडून पाण्यात उतरला.