लाल ओळ

पंधरा दिवस जुन्या सर्व्हरच्या दाराशी
आम्ही नुसते कान लावून बसलो.
कुठली रिक्वेस्ट आली, यानं काय उत्तर दिलं,
अक्षर न् अक्षर टिपलं.

आता तेच सगळं नव्याला विचारतोय,
गायत्रीनगरात, रात्री अडीचला.
कूलरमधलं पाणी संपलंय.

एक्केचाळीस हजार उत्तरं जुळली.
तारखा वगळल्या, त्या बदलणारच.
एकच ओळ लाल.
"काहून वेगळं येऊन राह्यलं बे?" उमरेडकर पुटपुटला.

सक्करदऱ्यातलं एक नळाचं मीटर:
नवा म्हणतो, छेडछाडीचा दंड बावीसशे.
जुना म्हणतो, शून्य.

जुना कोड उघडला.
मधोमध, दोन हजार नऊ सालची टीप:
'मीटर आपोआप उलटं फिरतं. जाऊन पाहिलं.
बाई खरं सांगतात. – ठवकर'

ठवकर कोण, इथं कुणालाच माहीत नाही.
बाई आहेत की नाहीत, तेही.
पण त्या पंधरा दिवसांत कुणीतरी
तीनदा ते बिल उघडून पाहिलंय.

उमरेडकर काही बोलला नाही.
मी नव्यात तेवढी अट लिहिली,
खाली नाव ठवकरांचंच राहू दिलं,
पुन्हा चालवलं

आणि निकाल यायच्या आत
बादली घेऊन उठले.