मुटिंडाची खुर्ची

जूनभरात एकेचाळीस निरोप पाठवले.
आधी ‘आदरणीय महोदय’, मग नुसतं ‘नमस्कार’,
मग थेट नाव घेऊन, जणू आम्ही एकाच बाकावर शिकलो.
दोन निळ्या खुणा उमटायच्या.
वाचलं. बस्स.

नैरोबीत जून थंड असतो. हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही.

आठ वर्षं लुथुली रस्त्यावर मी फ्रिजचे गॅस्केट विकले.
गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत
त्याच्या चपलांकडे बघून भाव ठरवायचे.
अर्जात हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
मालक अब्दिरिझाक सोमालीत काहीतरी म्हणायचा,
अर्थ साधारण असा, की बोलणाऱ्याचे एरंड खपतात,
न बोलणाऱ्याचे गहू पोत्यात किडतात.
मी तर बोलतच होते.
ऐकणारं कुणी नव्हतं, एवढंच.

मग लिहिणं सोडलं आणि विचारत सुटले.
कावांगवारेत एका दिवसात अकरा दूधवाल्या.
‘रात्री वीज गेली की दूध कुठे ठेवता?’
एकीने शिवी दिली, विजेला की मला, कळलं नाही.
न्याबोकेने वही काढली,
नासलेलं दूध तिने लाल शाईने मांडलं होतं,
लिटर, तारीख, आणि समोर एका शब्दात शाप.
‘या पानाचा फोटो घेऊ?’
‘तुझं यंत्र आहे का?’
‘नाही. मला तर अजून नोकरीसुद्धा नाही.’
ती इतकी हसली की हातातलं माप हिंदकळलं,
अर्धा कप दूध माझ्या बुटावर.

‘बारिदी’ कंपनीत ओळख हवी होती.
धागा धरत गेले: चुलतभावाचा रूममेट, त्याच्या चर्चमधला गिटारवाला,
आणि शेवटी हाती लागला मुटिंडा,
ज्याला मार्चमध्येच काढून टाकलं होतं.

उड्डाणपुलाखाली चहा, पैसे माझे.
त्याने दोन मंडाझी मागवले, एक कागदात गुंडाळून खिशात ठेवला.
‘चेलागाट ईमेल वाचत नाही.
सकाळी साडेसातला गाडी लावते, पाच मिनिटं आतच बसून राहते.
तेव्हा आवाज पाठव. नव्वद सेकंद.
आकडा आधी, नाव नंतर.’
‘आणि तुला का काढलं?’
‘चाळीस यंत्रं विकायची होती. विकली एकोणचाळीस.
त्यातलं एक परत आलं.’
चहाचा पेला त्याने उगाच गोल फिरवला.
‘माझं नाव सांग तिला.’
‘त्याने तुझं काही बिघडणार नाही?’
‘बिघडायला उरलंय काय?’

मंगळवारी गोठलेल्या बोटांनी फोन तोंडाशी धरला.
‘एका महिन्यात एकशे बारा लिटर. एका टपरीत.
मी नेकेसा. मला मुटिंडाने पाठवलं.’
बाकीचे ऐंशी सेकंद काय बोलले, आठवत नाही.

तिचं उत्तर दोन ओळींचं.
गुरुवारी दहाला ये.
मुटिंडा कसा आहे?

पहिली ओळ एकदा वाचली.
दुसरी तीनदा.
त्याला कळवलं. दोन निळ्या खुणा. पुढे काही नाही.

गुरुवारी गेले, तर ऑफिसच्या कोपऱ्यातल्या फ्रिजचं
गॅस्केट खालून सुटलेलं.
थंडी विकणाऱ्यांच्या घरातून थंडी गळत होती.
बसण्याआधी अंगठ्याने दाबून बसवलं. सवय.
चेलागाटने ते पाहिलं, बोलली नाही.
टेबलावर मी न्याबोकेचं पान ठेवलं.
‘ही विकत घेईल?’
‘किंमत सांगा,
मग संध्याकाळपर्यंत सांगते.’

ती किंमत शोधू लागली.
तेवढ्यात जाणवलं, खुर्ची डावीकडे कललीय.
इथे कुणीतरी बरेच महिने
त्याच अंगाला रेलून फोनवर बोललं असणार,
‘हो, साहेब. नाही, साहेब. पुढच्या आठवड्यात नक्की.’

मी सरळ बसायचा प्रयत्न केला.
खुर्ची पुन्हा कलली.