चौदा नाही

कळमन्याच्या फळबाजारात मोजणीला एक नसतो.
पहिल्या पाचाला लाभ म्हणायचं.
लाभ हो लाभ, दोनावं दोन, तीन गा तीन –
कौतिकाबाईचा आवाज घोगरा, तंबाखूनं खरवडलेला,
आणि दर आकड्याला तिचं कोपर क्रेटवर: धप्प.

मृगाचा माल होता, फेब्रुवारी, पहाटेचे साडेचार.
मंगल धुर्वेनं फोन काढला.
म्हणे, घरी आयकवतो, माय हसन.
त्याचा साळा पाचपावलीत डीजेवर.
त्यानं त्या धप्पखाली आणखी एक धप्प घातली.
बस, एवढंच त्याचं संगीत.

तीन आठवड्यांत
बर्डीवरची मोबाइलची दुकानं, सक्करदऱ्याचे ऑटो,
हिंगणा रोडच्या लॉनवरची रिसेप्शनं:
लाभ हो लाभ.
जिममधली पोरं त्यावर बैठका काढू लागली.
कोणी पेपरात लिहिलं, हे मूळचं पेरणीचं गाणं,
हजार वर्षं जुनं.
कौतिकाबाईनं तो पेपर संत्र्यांखाली अंथरला.

आता माझं. मी आकरे शेटचा दिवाणजी,
एकोणीस वर्षं तिच्या मोजणीची वही माझ्याकडे.
नाचताना तुम्ही ऐकलं नसेल:
तेरावं तेरा, आन् पंधरा गा पंधरा.
चौदा नाही.
वीस पाचांचा शेकडा, तिचा पंच्याण्णवातच भरतो.
उरलेली पाच तरटाखाली.
त्यांचं ती काय करते, मी विचारलं नाही.
एक संत्रं सकाळी माझ्या वहीशेजारी असायचं.
गोडच निघायचं नेहमी, काय सांगू.

जाणकार म्हणतात, गंमत तिथंच आहे,
तेरा आणि पंधराच्या मध्ये
पाय हवेत राहतो.

काल शेटच्या पोराची वरात, नंदनवनात.
फेटा बांधून शेट स्वतः मधोमध, दोन्ही हात वर,
बारावं बारा! तेरावं तेरा!
आणि चारशे माणसं एकदम पंधरावर उतरली.

शेट उतरला नाही.
गाणं वीसपर्यंत गेलं तरी
त्याचे ओठ मागंच कुठंतरी हलत होते.
मग त्यानं पाहिलं. एवढ्या गर्दीतून, बरोबर माझ्याकडे.

माझ्या शेजारी कौतिकाबाई, नवी साडी, हातात प्लेट.
‘काऊन जी दिवाणजी, जेवत नाही?’

शेट डीजेकडे वळून ओरडला,
पुन्हा लाव बे. पयल्यापासून.
नाचायला की मोजायला,
त्याच्या वर गेलेल्या हातांवरून
काही कळेना.