सहा-एकोणीस

मंडळाच्या पत्रात होतं, चाळीस खुर्च्या पुरतील.
मी एकशेवीस मांडल्या.
सव्वीस वर्षं या व्यायामशाळेची फरशी पुसतोय,
कुठल्या रात्री किती माणसं येणार ते कळतं.
त्या दिवशी पेट्रोलपंपावर
कुणी कुणाशी हवामानाबद्दल बोललं नव्हतं.

समोर लांब टेबल, सात नावांच्या पाट्या,
पाण्याच्या सात बाटल्या.
मधे माईक, आणि त्याच्यासमोर
हिरवा-पिवळा-लाल असा तो दिवा.
प्रत्येकाला तीन मिनिटं.
तेवढ्यात अंडंही धड उकडत नाही,
लेम्पी हॉटाला पुटपुटली.
मागच्या रांगा हसल्या,
तेवढंच त्या रात्रीचं हसू.

अधीक्षकांनी पडद्यावर आलेख लावला.
रेषा उतरत होती
आमच्या टेकडीवरून तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यासारखी:
एकोणनव्वद मुलं, एकाहत्तर, चोपन्न.
तेलाचा खर्च. छपराचा खर्च.
माणूस वाईट नाही. आकडेही खोटे नव्हते.
छप्पर गळतं हे माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक?
बादल्या मीच ठेवतो.

मग डेल्फीन ट्रुडेल उठली. बस चालवते ती.
वाटलं, आता आवाज चढवेल.
तिनं चष्मा लावला, कागदाची घडी उलगडली.
रविवारी रिकामी बस घेऊन
नवा मार्ग चालवून आली होती.
"सहा-चार. कोस्केलांचं फाटक. दोन मुलं.
सहा-अकरा. जुनी लाकूडगिरणी. एक मुलगी, वय पाच.
सहा-एकोणीस. पुलाच्या अलीकडे. एक मुलगा.
जानेवारीत तिथे बस थांबवता येत नाही,
पुढे जाऊन थांबेन, तो मागून पळत येईल."
वेळ, थांबा, मुलं. विशेषण एक नाही.
सातव्या थांब्यावर दिवा लाल झाला.
धन्यवाद, अध्यक्षबाई म्हणाल्या.

पुढचं नाव ऑरेन मॅकी.
भाषण लिहून आणलं होतं त्यानं, मला माहीत आहे.
ते खिशात घातलं, तिच्या हातातला कागद घेतला.
"सहा-एक्केचाळीस. तलावाचा फाटा.
तीन मुलं, त्यातलं एक माझं."
त्याच्यानंतर दवाखान्यातली नर्स.
मग नववीतला एक पोरगा,
अडखळत, घाम पुसत, पण थांबा एकही न गाळता.
मग लेम्पी,
जिच्या घरातून पन्नास वर्षांत कुणी शाळेत गेलं नाही.

कागद हातोहात फिरत राहिला
आणि आम्ही सगळे त्या बसमध्ये,
बाहेर काळोख, सुपीरियरवरून येणारा वारा,
कुणाला तरी उलटीसारखं होतंय,
कुणीतरी काचेला डोकं टेकून झोपलंय.
सात-बावन्न. नव्या शाळेचं दार.
टेबलावरची एकही बाटली कुणी उघडली नव्हती.

मतदान झालं. चार विरुद्ध तीन. ठराव मंजूर.
चौथा हात वर जायला वेळ लागला,
खांद्याशी येऊन थांबला,
उत्तराची खात्री नसलेल्या पोरासारखा.
तो बर्निस सालोचा.
तिसरीत, याच इमारतीत,
ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची.
तिला नावं ठेवायला निघालो
तर माझ्या खिशातल्या कार्डाचंही बोलावं लागेल:
बोलू इच्छितो, असं लिहून
मी दिलंच नाही ते कुणाकडे.

इतिवृत्त नंतर वाचलं.
"नागरिकांनी बसमार्गाविषयी सूचना केल्या."

साडेदहाला खुर्च्या मिटत होतो.
डेल्फीन हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत
कोपरापर्यंत हात घालून काहीतरी शोधत होती.
एकेकटे हातमोजे, टोप्या, एक डबा.
एक लाल हातमोजा तिनं वर काढला,
झटकला, कोटाच्या खिशात ठेवला.
"सहा-एकोणीसचा आहे," म्हणाली,
आणि निघाली.
तिला लवकर उठायचं होतं.