हातचा

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
चर्चच्या तळघरात, भट्टीला पाठ लावून,
आम्ही अकराजणी पेट्या उघडतो.
पुठ्ठ्याच्या, तळहातावर मावणाऱ्या,
घरी ओट्यावर साखरेच्या डब्याशेजारी
महिनाभर उभ्या राहिलेल्या.
कुणाच्या पेटीला पिठाचा हात,
कुणाच्या कोपऱ्यावर मांजराचे दात.

आधी प्रार्थना, मग मोजणी, मग कॉफी.
खरं सांगायचं तर
नेब्रास्काच्या जानेवारीत कॉफी आधी.

मी व्हर्लीन. खजिनदार. तीस वर्षं.
नातवाचा ताप उतरला, पाच सेंट.
गारपीट शेजारच्या मक्यावर गेली, दहा,
आणि त्याचा आनंद झाला म्हणून वर आणखी दहा.
असं त्या सांगतात. वहीत
सगळं एकाच रकान्यात जातं.

या चिल्लरीतून निघालं काय काय:
ओमाहात बहिऱ्यांच्या मंडळीला
हातांनी उपदेश करणारा पाळक,
त्याचं वर्षाचं घरभाडं.
सेमिनरीतल्या पोरांच्या फडताळात शेंगदाण्याचं लोणी.
आणि पापुआ न्यू गिनीच्या एका नदीवर
होडीचं इंजिन,
जे दोनदा बुडालं
आणि दोनदा आम्ही सफरचंदाचे पाय विकून पुन्हा घेतलं.
त्या नदीचा रंग आमच्यातल्या एकीनेही पाहिलेला नाही.
तिथली जेनोका लिहिते, तपकिरी आहे,
तुमच्या कॉफीसारखी असेल.
आमची कॉफी कशी असते, हे तिला कुणी सांगितलं?

पुरुषांच्या सभेत याला
बायकांची चिल्लर म्हणतात.
छप्पर गळू लागलं, की आवाज मऊ होतो.

लिओटा श्टुकेनहॉफच्या पेटीत
एकदा नाण्यांऐवजी बटण निघालं.
वाटलं, चुकून.
पुढच्या महिन्यात दुसरं. चार भोकांचं, राखाडी.
तिसऱ्या महिन्यात कळलं.
अंड्यांचे पैसेसुद्धा ऑरव्हल मोजून घेतो,
दुकानाची पावती दिव्याखाली धरतो,
हे गावात कुणाला माहीत नव्हतं?
मी कोटाच्या खिशात हात घातला,
पंचवीस सेंटचं नाणं ढिगात सरकवलं,
बटण एप्रनमध्ये.
वहीत लिहिलं: लि. श्टुकेनहॉफ, पंचवीस सेंट.
तिने पाहिलं. कपात बघत राहिली.
आम्ही यावर कधी बोललो नाही.
फक्त पुढच्या महिन्यात बटण
शिंपल्याचं होतं, घासून धुतलेलं.

सव्वीस वर्षं मी वहीत खोटं लिहिलं,
आणि जिल्ह्याच्या तपासनिसाने दरवर्षी
सुबक अक्षराबद्दल शाबासकी दिली.
लोणच्याच्या बरणीत तीनशे अकरा बटणं.
बेरजेत न मांडलेले हातचे.

मार्चमध्ये लिओटा गेली.
एप्रिलच्या मंगळवारी ऑरव्हल तळघराच्या पायऱ्या उतरला,
टोपी हातात, पेटी टोपीत.
यात काहीतरी खुळखुळतंय, म्हणाला.
तिच्याकडे पैसे आले कुठून?

मी झाकण फाडलं.
निळं बटण, काठावर सोनेरी रेघ.
तो बराच वेळ बघत राहिला.
माझ्या लग्नाच्या कोटाचं, म्हणाला.
यासाठी मी एक अख्खा रविवार
घर डोक्यावर घेतलं होतं.

कुणी कॉफी ओतली नाही.
भट्टी घरघरत होती.

मग त्याने विचारलं, घसा खाकरून,
बटणाचे तुम्ही किती धरता?
पंचवीस सेंट, मी म्हणाले.
त्याने पाकीट काढलं. विसाची नोट.
सुटे नाहीत. राहू द्या सगळे.

सुटे आहेत की, मी म्हणाले.
आमच्याकडे दुसरं असतं काय?
आणि एकोणीस डॉलर पंचाहत्तर सेंट
एकेक नाणं करून
त्याच्यासमोर मोजले.
अर्धा तास लागला. तो उभा होता.

बटण तो मुठीत घेऊन गेला.
वहीत लिहिलं: लि. श्टुकेनहॉफ, पंचवीस सेंट.
यावेळी खरं.

जेनोकाचं पत्र आलंय,
इंजिन पुन्हा बंद पडलं.
शनिवारी पाय. लवंगा कुणीतरी आणा,
मागच्या वेळी त्या माझ्याच गेल्या होत्या.